जांगड आणलेली लेन्स

दोंडाईच्याला आमच्या घरी आलेला पाहुणा आधी शिंकायचा आणि मग नमस्कार करायचा. घराच्या पुढच्या भागात मिरचीचं गोदाम होतं, मागच्या भागात आम्ही राहायचो. मधल्या दाराला कितीही जाड पडदा लावला तरी हंगामात मिरचीची धूळ स्वयंपाकघरापर्यंत पोचायची. आम्हाला तिचं काही वाटत नसे. सकाळी आठला देठ खुडणाऱ्या बायका यायच्या आणि गोदामात त्यांची अहिराणी सुरू व्हायची. गादीवर बाबूजी, म्हणजे माझे वडील, शेतकऱ्यांशी मराठीत बोलायचे, मागे घरात मारवाडी चालायची, आणि या तिन्ही बोलींच्या मध्ये कुणीतरी खोकत असायचं. आईला आम्ही भावंडं बाई म्हणायचो. ती सकाळी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी थापायची, कारण ती इथे लग्न होऊन आली तेव्हा शेजारणींनी तिला आधी तेच शिकवलं होतं. रविवारी संध्याकाळी मात्र अंगणात गोवऱ्यांच्या आरावर बाट्या लागायच्या आणि त्या दिवशी घर पुन्हा राजस्थानचं व्हायचं. घरातली बोलणी मी इथे मराठीत लिहितो आहे. त्यांतला हेल लिहिता येत नाही.

मी धुळ्याला कॉलेजात होतो. प्राणिशास्त्र शिकवणारे देवरे सर रविवारी सकाळी तीन-चार मुलांना घेऊन पक्षी दाखवायला निघायचे. त्यांच्यासोबतच मी सोनगीरच्या किल्ल्याच्या मागच्या अंगाला पहिल्यांदा शृंगी घुबड पाहिलं. कड्यात फार उंच नसलेली एक कपार होती. दिवसा ते तिथे बसायचं. रंग खडकासारखा तपकिरी, डोक्यावर पिसांची दोन शिंगं, आणि डोळे नारिंगी. खालच्या माळावर एक पांढरट दगड होता. तिथून कपार सरांच्या अंदाजाने नव्वद पावलं. दगडापर्यंत गेलं तर घुबड बसून राहायचं. दगडापुढे पाऊल टाकलं की उडायचं. सरांची शिस्त अशी होती की पक्षी उडाला तर तो दिवस संपला. मागे लागायचं नाही. तेव्हा ही शिस्त मला अवाजवी कडक वाटायची. पुढे बातमीदारी करताना ती अनेकदा उपयोगी पडली.

धुळ्यातल्या एका दैनिकाच्या कार्यालयात माझं जाणं-येणं सुरू झालं होतं. गादीवर बसायचं नाही हे माझं मनात ठरलेलं होतं, घरी सांगितलेलं नव्हतं. पुरवणी पाहणाऱ्या उपसंपादकांना मी घुबडाबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "समोरून, डोळ्यांत डोळे घातलेला फोटो आण. पहिल्या पानावर घेतो. मग तुझ्या नोकरीचं बोलू." माझ्याकडे तेव्हा मावसभावाचा खिशात मावणारा कॅमेरा होता. त्याने काढलेल्या फोटोत कडा यायचा, कपार यायची, आणि घुबड कुठे आहे ते बोट ठेवून सांगावं लागायचं.

कॅमेरा घ्यायचा हे बाबूजींनी फार खळखळ न करता मान्य केलं. कोणता, यावर मात्र दोन महिने गेले. सरांचं म्हणणं सरळ होतं: बॉडी साधी घे, लेन्सवर जोर दे. बॉडी चार वर्षांत जुनी होते, चांगली काच होत नाही. बाबूजींनी हे ऐकून मान डोलावली. त्यांच्या धंद्यात पोत्यापेक्षा आतला माल महत्त्वाचा, त्यामुळे त्यांना ते नव्याने पटवावं लागलं नाही. दोन कंपन्यांच्या बॉडींमध्ये माझं मन हेलकावे घेत होतं. कोणाचं शटर जास्त वेगवान, कोणाचे फोकसचे बिंदू जास्त, कमी उजेडात कोणाचं चित्र कमी दाणेदार येतं, याचे मी तक्ते केले होते. बाबूजींनी तक्ते बघितले आणि एकच प्रश्न विचारला, "बिघडली तर दुरुस्ती कुठे?" एका कंपनीची नाशिकला होती, दुसरीची मुंबईला. नाशिकवाली ठरली. आता दुकानात उभं राहून आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांवर चर्चा करणारी मुलं मी पाहतो, तेव्हा त्यांना हाच प्रश्न विचारावासा वाटतो. पण कुणी विचारल्याशिवाय मी बोलत नाही.

लेन्सचं तसं होईना. दोन लेन्सेसवर गाडं अडलं होतं. एक झूम, शंभर ते चारशे मिलिमीटरची; आकडा मोठा तसं दूरचं जवळ येतं. दुसरी चारशेचीच, एकाच पल्ल्याची. झूम जाडजूड आणि वजनदार, जवळचं-दूरचं दोन्ही घेणारी. दुसरी सडपातळ, हलकी, आणि चारशेशिवाय दुसरं काही न जाणणारी. सर म्हणायचे, घुबडासाठी दुसरी घे, जी एकच काम करते ती ते नीट करते. माझा जीव झूममध्ये अडकला होता, कारण तिच्यात सगळंच होतं. कागद वाचून निर्णय होईना. शेवटी बाबूजी म्हणाले, "माल हातात घेतल्याशिवाय कसा ठरणार? जांगड मागवू."

जांगड म्हणजे पसंतीसाठी आणलेला माल. कापडात, सोन्यात ही रीत जुनी आहे. आमच्याकडे लग्न निघालं की जळगावहून साड्यांचे गठ्ठे जांगड यायचे. हव्या त्या ठेवायच्या, बाकीच्या तशाच घडीत परत. जांगड मालाला काही नियम असतात. घडी मोडायची नाही, खूण करायची नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम, कुंकू लावायचं नाही. कुंकू लागलं की तो माल त्या घराचा झाला. जळगावचे केसरीचंदजी कॅमेऱ्यांचं दुकान चालवायचे आणि बाबूजींना दूरच्या नात्याने भाऊ लागायचे. त्यांनी आयुष्यात लेन्स जांगड दिली नव्हती. फोनवर ते हसले. "भाईसाब, ही साडी नाही. एक ओरखडा उठला तर मी कुणाला विकू?" बाबूजी म्हणाले, "ओरखडा उठला तर माझी." तेवढ्यावर ते तयार झाले. विकत घेतलेली बॉडी आणि जांगड दिलेल्या दोन्ही लेन्सेस एकाच खोक्यात निघाल्या, ओळखीच्या टेम्पोने, शुक्रवारी. परतीचा वायदा सोमवारचा.

शुक्रवारी मी धुळ्याला होतो. संध्याकाळी घरी आलो तर तीन पेट्या माझ्या खाटेवर ओळीने मांडलेल्या होत्या. शनिवारी आणि रविवारी पहाटेच मोटरसायकलवर सोनगीर गाठलं. पांढऱ्या दगडाजवळ तिपाई लावली आणि आधी एका, मग दुसऱ्या लेन्सने तेच घुबड, तीच कपार, त्याच उजेडात टिपलं. रविवारी दुपारी सरांच्या घरी संगणकावर सगळे फोटो शेजारी शेजारी उघडून बसलो. निकाल स्पष्ट होता. एकपल्ली लेन्सच्या फोटोत भुवईचं एक-एक पीस मोजता येत होतं. झूम अडीचशेपर्यंत स्वच्छ होती. त्यापुढे नेली की पिसांच्या कडा विरघळायच्या, जणू काचेवर कुणी हलकेच फुंकर घातली आहे. मान मात्र दोन्ही दिवस वळलेली होती. समोरून फोटो एकही नव्हता. त्याची मला चिंता वाटली नाही. लेन्स ठरली होती, घुबड कुठे जात नव्हतं.

संध्याकाळी बाट्या आरात असताना मी झूम पेटीत भरायला घेतली. तिपाईवर बसवायचा पाय उलटा केला तर त्याच्या आतल्या, नळीकडच्या बाजूला कुंकवाचा टिळा होता. छोटासा, नेटका, वर दोन अक्षता चिकटलेल्या.

"बाई, हे काय?"

बाई बाट्या उलटत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "बॉडीला तळाशी लावलं आणि त्या मोठीला पण. छोटीला नाही लावलं, ती सुटी असेल वाटलं. पूजेचा नाडा पण बांधला होता, पण तू चिडशील म्हणून सोडून ठेवला."

तिची चूक कशी झाली ते दोन मिनिटांत कळलं. बाबूजी मार्केटला गेलेले होते, मी धुळ्यात. टेम्पोवाल्याने खोकं दिलं. आत बॉडीच्या खरेदीचा कागद होता. साडी जांगड येते हे बाईला पाठ होतं, पण यंत्रं जांगड येतात हे तिने कधी ऐकलं नव्हतं. वजनकाटा आला, पंखा आला, गाडी आली, प्रत्येकाला तिने याच हाताने कुंकू लावलं होतं. कॅमेऱ्याला लावताना तिला वाटलं, एवढी मोठी नळी आहे, हिचा मान आधी.

मी म्हणालो, "पुसून टाकतो. आतपर्यंत गेलेलं नाही. दिसणार पण नाही."

बाबूजी हात धुऊन पाटावर बसले होते. "पुसशील," ते म्हणाले. "दिसणार नाही तेही खरं. पण कुंकू लागलेला माल या घरातून परत गेलेला नाही."

"पण मला ती नको आहे."

"नको असेल. पण आता ती आपली आहे."

त्यांनी जेवण झाल्यावर केसरीचंदजींना फोन लावला आणि झालं ते जसंच्या तसं सांगितलं. पलीकडून मोठ्याने हसण्याचा आवाज आला. "कुंकू आहे भाईसाब, डाग नाही. पाठवून द्या, मी दुसऱ्याला देतो." बाबूजी म्हणाले, "दुसऱ्याला देताना सांगाल का, एका घरात पूजा झालेली आहे म्हणून? सांगितलं तर तो घेणार नाही. नाही सांगितलं तर ते मी तुम्हाला करायला लावलं असं होईल." केसरीचंदजी म्हणाले, "तुमची मर्जी." सोमवारी एकपल्ली लेन्स जळगावला परत गेली, आली तशी. दोन्ही ठेवण्याचा प्रश्नच नव्हता.

मी तीन दिवस घरात कुणाशी नीट बोललो नाही. बाईने मंगळवारी चुरमा केला, बुधवारी पुन्हा केला. गुरुवारी तिने विचारलं, "फोटो कशाचा काढायचा आहे तुला एवढा?" मी घुबडाचा म्हटल्यावर देठ खुडणारी सखूबाई गोदामातून ओरडली, "अय माय, ते तं अपशकुनी शे!" बाई म्हणाली, "लक्ष्मीचं वाहन आहे. बरं झालं कुंकू लावलं ते." मला हसू आलं आणि माझा राग तिथेच संपला. पण अडचण जिथल्या तिथे होती. फोटो हवा तर घुबड अडीचशेच्या पल्ल्यात यायला हवं होतं. म्हणजे नव्वद पावलांवरून साठच्या आत जायला हवं, आणि ते तर दगडापुढे एक पाऊल टाकू देत नव्हतं.

पुढच्या रविवारी बाबूजी म्हणाले, "मी येतो." ते मोटरसायकलवर माझ्या मागे बसले. असं पहिल्यांदाच झालं होतं. माळावर उतरल्यावर त्यांनी चपला झटकल्या, कड्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मला दाखव, ही लेन्स कमी कुठे पडते." त्यांना लेन्समध्ये खोट आहे का ते बघायचं होतं. वाईट माल घरात ठेवला असेल तर तो त्यांचा दोष होता. मी त्यांना सगळं दाखवलं. दगड, कपार, अंतर. मग त्यांच्या देखत दगडापुढे तीन पावलं टाकली. घुबड पंखांचा जराही आवाज न करता उडालं आणि कड्याच्या वळणामागे गेलं.

"तू त्याच्याकडे बघत चालत होतास," बाबूजी म्हणाले.

"मग कुठे बघणार?"

"गिऱ्हाईक रस्त्यावरून जाताना दुकानदार त्याच्याकडे टक लावून बसला तर गिऱ्हाईक पुढे जातं. हाताला काहीतरी काम पाहिजे. आपण आपल्या कामात आहोत, तू आलास तर आलास. रोज एकाच वेळी दुकान उघडायचं, एकाच जागी बसायचं, सदरा पण शक्यतो एकाच रंगाचा. त्याची ओळख होऊ दे."

"ते गिऱ्हाईक नाही, बाबूजी. घुबड आहे."

"डोळे तर गिऱ्हाइकाचेच आहेत," ते म्हणाले आणि शेंदाडाचा धुळकट वेल चपलेने बाजूला करत मोटरसायकलकडे निघाले.

मी हे सरांना सांगितलं. ते चेष्टा करतील असं वाटलं होतं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "करून बघायला हरकत नाही. पण ते उडालं की उठायचं, हे लक्षात ठेव." परीक्षा संपल्या होत्या आणि रोज जाणं शक्य होतं. पहिल्या दिवशी हाताला काम म्हणून मी गोदामातून पिशवीभर मिरची घेतली आणि दगडाशेजारी बसून देठ खुडू लागलो. तासाभराने विसरून त्याच हाताने डोळा चोळला आणि कॅमेऱ्याला डोळा लावला. त्या दिवशी घुबड मला बघत राहिलं, मी काहीच बघू शकलो नाही. दुसऱ्या दिवशी बाईने भुईमुगाच्या शेंगा दिल्या. "सोलून आण. तेल काढायला लागतीलच."

मग तो एक महिना गेला, आणि मला वाटतं आयुष्यात एवढा निवांत महिना मला पुन्हा मिळाला नाही. पांढरा सदरा, तीच टोपली, तीच वेळ. दगडाशेजारी चार दिवस. मग दगडाच्या दोन पावलं पुढे, कपारीकडे पाठ अर्धी वळवून. ते उडालं तर सामान उचलून घरी. नाही उडालं तर शेंगा. शेंगा फुटण्याचा आवाज त्याला दुसऱ्या आठवड्यात सवयीचा झाला असावा, कारण सुरुवातीला प्रत्येक आवाजाला वळणारी मान नंतर वळेनाशी झाली. माळावर मेंढ्या चारणारे बुधा आबा रोज माझ्याजवळून जायचे आणि पहिला आठवडा काही बोलले नाहीत. मग एके दिवशी काठीवर हनुवटी टेकून उभे राहिले.

"भो, तू रोज आठे काय करस?"

"घुबड देखस, आबा."

"घुबड तं तठे शे. तू तं शेंगासकडे देखस."

"त्याले कळाले नको म्हनीसन."

आबांनी कपारीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बठ्ठा दोंडाईचा असाच शे का?" असं माझ्या सगळ्या गावाबद्दल विचारून मूठभर शेंगा घेतल्या आणि मेंढ्यांमागे गेले. त्यानंतर ते रोज त्याच जागी थांबायचे, मूठभर शेंगा घ्यायचे आणि जायचे. घुबडाला त्यांचं कधी काही वाटलं नाही. त्यांना बघून मी चालण्याची गती शिकलो. सरळ कधी जायचं नाही, तिरपं जायचं, मध्ये थांबायचं, वाकायचं.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी मी साठ पावलांच्या आत होतो. अंतर मी डोळ्यांनी मोजलं, कारण पावलांनी मोजणं शक्य नव्हतं. सकाळचे नऊ वाजले असतील. ऊन कपारीच्या निम्म्यात आलं होतं. तिपाई आदल्या तीन दिवसांपासून तिथेच लावत होतो, त्यामुळे तीही ओळखीची झाली होती. मी शेवटची शेंग टोपलीत टाकली, हात सदऱ्याला पुसले आणि हळूच कॅमेऱ्याला डोळा लावला. झूम अडीचशेवर होती. घुबड समोरून दिसत होतं, पूर्ण समोरून, छातीवरची प्रत्येक रेघ वेगळी. शिंगं किंचित मागे पडलेली. नारिंगी डोळे माझ्याकडे होते. मी फोकसचा बिंदू उजव्या डोळ्यावर नेला आणि बटण अर्धं दाबलं. तेवढ्यात आधी डावा डोळा मिटला, मग उजवा. पिसं थोडी फुलली, मान खांद्यांत गेली. ते झोपलं.

त्या अवस्थेतले सतरा फोटो मी काढले. ते फोटो आजही माझ्याकडे आहेत. त्यांपैकी एक उपसंपादकांना दाखवला तेव्हा त्यांनी तो बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "सुंदर आहे. पण डोळे मिटलेलं घुबड पहिल्या पानावर कसं टाकू? एक टाळी वाजवायची होतीस." मी म्हणालो, वाजवली नाही. "का?" याचं उत्तर मला तोंडी देता आलं नाही, म्हणून दोन पानं लिहून दिलं. ती दोन पानं छापून आली, फोटो आतल्या पानावर लहान आला, आणि मला नोकरी मिळाली ती मजकुराच्या विभागात. घरी सांगितलं तेव्हा बाबूजींनी मजकूर दोनदा वाचला. शेंगांचा उल्लेख आला तिथे बोट ठेवून थांबले आणि म्हणाले, "हे खरं आहे. बाकीचं पण असंच लिहीत जा."

पण ती सकाळ संपायला अजून बराच वेळ होता. सतरा फोटो झाल्यावर मी कॅमेरा बंद केला. टाळी वाजवली असती तर दोन्ही डोळे उघडले असते, हे मला तेव्हाही माहीत होतं. नव्वद पावलांवरून जो पक्षी माझ्या एका पावलाने उडायचा, तो साठ पावलांवर माझ्यासमोर झोपला होता. कॅमेऱ्याच्या बटणाचा आवाज त्याने ऐकला होता आणि कानाआड केला होता. बुधा आबा मेंढ्या घेऊन आले, थांबले, त्यांनी कपारीकडे बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "झोपी गयं?" मी मान हलवली. आबा माझ्या शेजारी बसले. टोपलीत सोललेले दाणे होते, त्यांतले त्यांनी निम्मे घेतले, निम्मे माझ्याकडे सरकवले. ऊन कपारीत पूर्ण येईपर्यंत आम्ही दोघे दाणे खात तिथे बसलो होतो.